हातात न आलेले पैसे

भातकुलीहून अमरावतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिवरखेडीचा फाटा लागतो. फाट्यापासून दहा मिनिटं चाललं की गावाच्या अगदी मधोमध खुशालचं किराणा दुकान आहे. दुकानाच्या उजव्या हाताला वरची आळी, म्हणजे खुशालच्या भाऊबंदांची, कास्तकारांची घरं. डाव्या हाताला विहाराची निळी कमान आणि कमानीच्या आत भीमनगर. मिठासाठी, साखरेसाठी, काडीपेटीसाठी दोन्हीकडची माणसं याच दोन पायऱ्या चढत आली. गाव त्याला खुशालराव म्हणतं. वय अठ्ठावन्न, मिशा पांढऱ्या, आवाज भरदार. त्याला खुशाल्या म्हणणारा माणूस गावात एकच होता, देवमन.

देवमन भीमनगरचा. विजेच्या खात्यात लाइनमन म्हणून लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. पहिलीपासून सातवीपर्यंत दोघं एकाच टाटपट्टीवर बसले. एकाच्या पाटीवरचं गणित दुसऱ्याच्या पाटीवर उतरायचं आणि मार मात्र दोघांना सारखा बसायचा.

खुशालच्या बापाच्या काळात दुकानाच्या खालच्या पायरीवर एक काळा दगड होता. भीमनगरच्या माणसानं पैसे त्या दगडावर ठेवायचे. बाप तांब्यातलं पाणी त्यावर शिंपडायचा आणि मग ते उचलायचा. सामान वरून ओंजळीत सोडायचा. कायदा कधीचाच झाला होता, शाळेत गुरुजी सगळे सारखे म्हणून शिकवत होते, आणि दगड आपला जागेवर होता. दहा वर्षांचा देवमन आईचं बोट धरून त्या दगडापुढे उभा राहिलेला खुशालनं दुकानाच्या गादीवरून पाहिला होता. दुसऱ्या दिवशी दोघं टाटपट्टीवर शेजारी बसले. त्या गोष्टीबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

बाप गेला, दुकान खुशालच्या हाती आलं, त्या आठवड्यातच त्यानं पहार घेऊन तो दगड उपटला आणि नाल्यात नेऊन टाकला. मग देवमनला बोलावून आणलं. देवमननं दोन रुपयांची नोट पुढे केली. खुशालनं ती त्याच्या बोटांसकट धरली आणि सोडेचना.

"सोड बे, नोट फाटन," देवमन म्हणाला आणि दोघं तिथंच हसत सुटले.

खुशालच्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस. त्यानं तो कधी जुना होऊ दिला नाही. दरवर्षी चौदा एप्रिलला विहारासमोर त्याला दोन शब्द बोलायला उभं करत, आणि दगडाची गोष्ट सांगितल्याशिवाय तो खाली बसत नसे. मागून देवमनचा आवाज यायचा, "झाला का बे दगड फेकून? भाजी थंडी होऊन राहिली!" सगळी वस्ती हसायची. खुशालही हसायचा. आपण एक काम धड केलं, त्या कामाला गाव साक्षी आहे, या समाधानावर त्याची तीस वर्षं निवांत गेली.

म्हणूनच पैसा हातात आला पाहिजे, हे त्याचं ठाम मत होतं. नोटबंदीच्या वेळी त्याची मुलगी प्राजक्ता, जी अकोल्याच्या एका कॉलेजात शिकवते, म्हणाली होती की बाबा, फोनवर पैसे घ्यायला लागा. तेव्हा त्यानं तिला उडवून लावलं. "पोरी, पैसा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेला तं त्याले व्यवहार म्हनते. हवेतून आला तं त्याले काय म्हनाचं?"

मग करोना आला.

दुकानासमोर चुन्याचे गोल आखले गेले. तोंडाला फडकं बांधलेली माणसं त्या गोलांत देवळातल्या खांबांसारखी उभी राहू लागली. खुशालची बायको दुर्गाबाई दम्याची. अकोल्याहून प्राजक्ताचा रोज फोन. "बाबा, नोटेले हात नका लावू. आईकडे पाहा." दुर्गाबाई बिचारी गल्ल्यातल्या नोटा इस्त्रीखालून काढायची. एकदा शंभराची करपली तेव्हा ते बंद झालं. प्राजक्तानं औषधाच्या गाडीवाल्याबरोबर काळ्या चौकटीचा एक कागद पाठवला. फोननं टिपला की पैसे थेट खात्यात. खुशालनं तो कॅलेंडरशेजारी चिकटवला. वरच्या आळीतला चंद्रभान त्याच्याकडे बघून म्हणाला, "हे काय, कीड लागलेल्या पानावानी दिसून राहिलं." त्या कागदाला कोणी फोन लावला नाही. नोटाच चालू राहिल्या. खुशालनं पायरीपुढे एक लाकडी फळी टाकली, सलूनवाल्याकडून पाण्याच्या फवाऱ्याची बाटली आणली आणि तीत जंतुनाशक भरलं. गिऱ्हाइकानं नोट फळीवर ठेवायची, खुशालनं फवारा मारायचा आणि चिमट्यानं उचलायची. सगळ्यांना एकच नियम. त्यात कोणाला काही वाटलं नाही. वाटायचं कारणही नव्हतं.

जुलैमध्ये पुण्याहून परतलेला भीमनगरचा स्वप्निल पॉझिटिव्ह निघाला. तहसीलची गाडी आली आणि निळ्या कमानीला बांबू आडवे बांधले गेले. चौदा दिवस वस्ती बंद. त्या चौदा दिवसांत खुशालनं रोज सकाळी बांबूपर्यंत सामान पोहोचवलं, ते खरं आहे. देवमन आतून ओरडायचा, "खुशाल्या, चायपत्ती मोठी दे, आतमंदी करमून नाही राहिलं!" आणि खुशाल बाहेरून ओरडायचा, "बायकोले मदत कर, करमन!"

बांबू सुटले. स्वप्निल बरा झाला. पण गावाच्या मनात भीतीनं घर केलं होतं आणि ते घर भीमनगरच्याच बाजूला होतं. दिवाळी आली, तसा आजार ओसरल्यासारखा झाला. चुन्याचे गोल पुसले गेले. वरच्या आळीतला माणूस दुकानावर आला की गप्पांच्या नादात नोट हातातून हातात जायची. भाऊबंद, रोजचे चेहरे. त्यांच्यासाठी फळी कशाला? आणि भीमनगरचा माणूस आला की फळी, फवारा, चिमटा. हे कोणी ठरवलं नव्हतं. खुशालला विचारलं असतं तर त्यानं शपथेवर सांगितलं असतं की आमच्या दुकानात असं काही नाही. त्याच्या डोक्यानं ते ठरवलंच नव्हतं. त्याच्या हातानं ठरवलं होतं.

पुढच्या फेब्रुवारीत आजार परत उसळला, आणि सगळ्या महाराष्ट्राच्या आधी आपल्या अमरावती-अकोल्याकडेच उसळला. अमरावती बंद होणार अशी कुजबूज होती. त्या आठवड्यात वरच्या आळीतली अर्धी माणसं अमरावतीला एका लग्नाला जाऊन आली होती. खुशालचा पुतण्या बंडू त्यातलाच. भर दुपारी तो नाक पुसत दुकानावर आला.

"काका, पानमसाला द्या अन् गोळ्या असन तं द्या थंडीच्या. लग्नात आइस्क्रीम भल्लं खाल्लं."

त्यानं पाचशेची नोट पुढे केली. खुशालनं ती हातात घेतली, अंगठा जिभेला लावून सुटे पैसे मोजले, बंडूच्या तळहातावर ठेवले आणि वरून त्याच्या पाठीवर थाप मारली. "जा, झोप घरी. घाम काढ."

बंडूच्या मागे देवमन उभा होता. ड्युटीवरून आलेला, खांद्यावर दोर, कमरेला पक्कड. त्यानं पाव किलो साखर आणि चहापत्तीचा पुडा मागितला आणि पन्नासची नोट फळीवर ठेवली.

खुशालचा हात बाटलीकडे गेला. फस्स. फस्स. नोट भिजली. मग चिमटा.

देवमननं त्या ओल्या नोटेकडे पाहिलं. नंतर खुशालच्या हाताकडे पाहिलं. तोंडाकडे पाहिलं नाही. साखर आणि पुडा उचलला.

"चिल्लर राहू दे," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

त्याची पाठ वळली आणि खुशालला सगळं कळलं. फवारा अजून हातातच होता. बाटलीच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता. त्या थेंबापाशी त्याला आपला हात दिसला, आणि तो हात त्याच्या बापाचा होता. तसाच मनगटातून वळलेला, तशीच करंगळी बाजूला काढलेली. 'देवमन' अशी हाक त्याच्या गळ्यापर्यंत आली. आणि तिथंच राहिली. पुढे पायरीवर चंद्रभान येऊन उभा होता, त्याच्यासमोर काय बोलायचं? खुशालनं विचार केला, संध्याकाळी जाऊ. संध्याकाळी विचार केला, उद्या जाऊ. फवाऱ्याची बाटली त्यानं माळ्यावर टाकली, फळी काढून जळणात टाकली आणि स्वतःला सांगितलं, बाटली गेली, फळी गेली, आता काय राहिलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी देवमनची मुलगी पायल आली. ती अमरावतीला औषधाच्या दुकानात कामाला होती, पण बंदमुळे गाड्या थांबल्या होत्या, म्हणून घरी होती. पायरी चढली नाही. रस्त्यावरूनच म्हणाली, "काका, एक किलो पोहे."

खुशालनं पोहे बांधून दिले. हात पुढे केला. खरं सांगायचं तर त्यानं तो मुद्दाम, बराच पुढे केला.

पायलनं फोन वर केला, कॅलेंडरशेजारच्या कागदावर धरला. "टाकले पैशे," ती म्हणाली. "पाहून घ्या."

आठवड्याभरात भीमनगरची सगळी घरं तसंच करायला लागली. ज्यांच्याकडे साधा फोन होता त्यांनी नवा घेतला, जुना घेतला, शेजाऱ्याचा मागितला. साठी उलटलेल्या बायांना पायलनं अंगणात बसवून शिकवलं. कोणी भांडलं नाही, कोणी ओरडलं नाही, उधारी मागायलाही कोणी थांबलं नाही. भीमनगरची माणसं रस्त्यावर उभी राहायची, सामान सांगायची, फोन वर धरायची आणि जायची. पुढे कंपनीच्या माणसानं बोलणारा डब्बा आणून दिला. मग तर दर वेळी दुकानभर बाईचा खणखणीत आवाज घुमू लागला. तीस रुपये प्राप्त झाले. बारा रुपये प्राप्त झाले.

"काहून रे खुशालराव, दुकानात बाई बसवली काय पैशे मोजाले?" चंद्रभान म्हणायचा. "वहिनीले सांगतलं का?"

लोक हसायचे. खुशाल डब्याचा आवाज कमी करायचा. पण कमी आवाजातही तो डब्बा बोलायचाच, आणि त्या आवाजानं खुशालच्या कानाच्या पाळ्या तापायच्या. प्रत्येक रकमेला एक हात पुढे यायचा राहून गेला आहे, हे त्याच्याशिवाय कोणाला कळत होतं?

आजार संपला. फडकी उतरली. वरच्या आळीतले लोक हळूहळू नोटांवर परत आले, कारण खिशात नोट असली की त्यांना बरं वाटतं. भीमनगर परत आलं नाही.

एकदा खुशालनं एक खोटेपणाही करून पाहिला. भीमनगरच्या नत्थुजीची म्हातारी तेलाला आली तेव्हा त्यानं डब्बा आधीच बंद करून ठेवला होता, कागदावर कॅलेंडरचं पान ओढून घेतलं होतं. "मावशी, आज नेटवर्क नाही. रोख असन तं द्या हातात."

म्हातारीनं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. तिच्या मुठीत, पदराच्या गाठीत, पैसे होते, ते त्याला दिसत होते.

"मंग सांजेले नातीच्या फोनातून टाकते," ती म्हणाली. "तेल राहू दे तवरोक."

तेलाची पिशवी फळीवर तशीच राहिली. म्हणजे फळी नव्हती, पण खुशालला ती तिथं दिसली. संध्याकाळी पैसे आले. पिशवी न्यायला पायल आली. रस्त्यावरूनच.

देवमनही यायचा. त्यानं येणं सोडलं नाही. वादळात खुशालची लाइन गेली तर भर पावसात खांबावर चढून जोडून द्यायचा. खाली उतरल्यावर खुशाल म्हणायचा, "चहा घेऊन जा, गड्या." देवमन दोर गुंडाळत म्हणायचा, "नको खुशालराव, पुढच्या गावात कंप्लेंट आहे."

खुशालराव. ज्या दिवसापासून नोट भिजली त्या दिवसापासून खुशाल्या हा शब्द गावातून नाहीसा झाला. त्या शब्दाची भूक काय असते ते खुशालला रोज कळत होतं आणि तो रोज ठरवत होता की उद्या जाऊ. चौदा एप्रिलला आता तो बोलायला उभा राहत नसे. घसा बसलाय म्हणायचा. चार वर्षं त्याचा घसा नेमका त्याच दिवशी बसत आला.

ही चार वर्षं अशी गेली. आणि मग भातकुलीच्या बँकेतून गोवर्धन नावाचे तरुण साहेब मोटारसायकलवर आले.

"काका, अभिनंदन! आपल्या भागातल्या सगळ्या किराणा दुकानांत फोनवरचा व्यवहार तुमच्याकडं सगळ्यात जास्त. शंभरातले सत्तर." त्यांनी आपल्या पाटीएवढ्या फोनवर रंगीत खांब दाखवले. "आम्ही सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ. दोन शब्द बोलायचे. गाव डिजिटल कसं केलं ते सांगा लोकांना."

खुशालनं हातातला तराजू खाली ठेवला. "मी काही नाही केलं साहेब."

"असं कसं? आणि गंमत पाहा," साहेब उत्साहानं बोट सरकवत म्हणाले, "यातले जवळजवळ सगळे व्यवहार गावाच्या एकाच बाजूचे आहेत. दुसरी बाजू अजून रोखीतच. त्या बाजूला तुम्ही असं काय केलं? तेच बाकीच्या गावांत करू."

साहेबांच्या चेहऱ्यावर नुसतं कौतुक होतं. खुशालला वाटलं, जमिनीनं आपल्याला पोटात घ्यावं. "त्या बाजूले एक पोरगी आहे," तो कसाबसा म्हणाला, "पायल. तिनं शिकवलं लोकाईले."

"वा! मग तिचाही सत्कार करू."

सत्कार झाला. बँकेच्या पटांगणात मंडप, पंचवीस-तीस खुर्च्या, वर पंखा. दुर्गाबाई नवं पातळ नेसून पहिल्या रांगेत बसली होती. पायल औषधाच्या दुकानातून अर्ध्या दिवसाची सुटी काढून आली होती. तिला गुलाबाचं फूल दिलं आणि बोलायला सांगितलं. ती उभी राहिली, माइक जरा खाली केला.

"मी काही मोठं नाही केलं. लोकाईले गरज होती, म्हनून ते शिकले," ती म्हणाली आणि बसली.

मग खुशाल. खांद्यावर शाल, हातात नारळ. तीस वर्षं बोललेला माणूस, पण माइकसमोर त्याला पहिलं वाक्य सापडेना. सांगून टाकावं, असं त्याच्या मनात आलं. खरंच आलं. समोर दुर्गाबाई कौतुकानं पाहत होती, साहेब मान हलवत होते, फोटोवाला वाकून उभा होता.

"कोरोनानं लोक शहाणे झाले," तो म्हणाला. "आमचं गाव पह्यलेपासूनच एकोप्याचं आहे. दुसरं काय?"

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर त्याला दिसलं की पायल टाळी वाजवत नव्हती. गुलाबाचे काटे मोजत असल्यासारखी ती मान खाली घालून बसली होती.

ती रात्र खुशालनं कशी काढली ते सांगण्यासारखं नाही. दुसरा दिवस रविवार. सकाळी नऊ वाजता त्यानं दुकान दुर्गाबाईवर सोडलं आणि निळ्या कमानीतून आत गेला. दगड फेकण्याची गोष्ट सांगायला तो या कमानीपर्यंत कितीदा आला होता. आत, देवमनच्या अंगणापर्यंत, चार वर्षांत पहिल्यांदाच निघाला होता.

देवमन निवृत्त झाल्यापासून गावातले पंखे, मिक्सर दुरुस्त करायचा. अंगणात लिंबाखाली एक पंखा उघडून बसला होता. पाती वेगळी काढून ठेवलेली, हातात पेचकस.

"या, खुशालराव. बसा."

"खुशाल्या म्हन, गड्या."

देवमननं पंख्याची पाती बाजूला केली. खुर्ची पुढे सरकवली. खुशाल बसला नाही. बसलो तर उठून जाईन, अशी त्याला भीती वाटली.

"तुले एक सांगाचं आहे," तो म्हणाला. "ते अमरावती बंद झाली होती पाह्य, त्या फेब्रुवारीतलं. बंडूची नोट मी हातात घेतली. लग्नातून आला होता तो, शिंका देत. अन् तुह्या नोटेवर फवारा मारला."

"हो," देवमन म्हणाला. पेचकस फिरतच होता.

"चुकलं माह्यं. मले तेव्हाच समजलं होतं. तू पाठ फिरवली, अन् माह्या हातात फवारा होता, अन् मले माहा बाप दिसला."

पेचकस थांबला.

"तेव्हाच समजलं होतं?"

"हो."

"त्याच दिवशी?"

"त्याच घडीले."

देवमननं पेचकस खाली ठेवला. हात मांडीला पुसले. एक हात पुसून झाल्यावर दुसरा पुसला. खुशालला वाटलं आता तो शिवी देईल, आणि देईल तर फार बरं होईल. त्यानं शिवी दिली नाही.

"मी समजत होतो का तुले समजलंच नाही," तो म्हणाला.

खुशालला काही उमगेना.

"पायल पेटून उठली होती त्या दिवशी," देवमन सांगू लागला, आणि त्याचा आवाज अगदी साधा होता, कोणाच्या घरातली लाइन कुठं तुटली ते सांगावं तसा. "तिनं याच्या आधी दोनचारदा पाह्यलं होतं तुह्याकडचं, फळी कोनासाठी अन् हात कोनासाठी ते. मी मानत नोतो. त्या दिवशी मी सोताच पाहून आलो. अर्धी वस्ती तुह्या दुकानावर येणार होती, पोलिसात जाणार होती. मी आडवा झालो. म्हन्लं, खुशाल्या भेलेला आहे. बायको दम्याची. हात आपोआप गेला असन, त्याच्या ध्यानात बी नसन आलं. ज्या दिवशी ध्यानात येईन त्या दिवशी धावत येईन तो, पायात चपला बी घालनार नाही. असं म्हन्लं मी."

वाऱ्यानं लिंबाची दोन पिवळी पानं पंख्याच्या उघड्या पोटात पडली. देवमननं ती वेचून काढली.

"आठ दिवस वाट पाह्यली तुही. मंग म्हन्लं, गुढीपाडव्याले येईन. मंग म्हन्लं, याच्या ध्यानातच नाही आलं. अन् खरं सांगू? बरं वाटलं मले. ध्यानात नाही आलं तं मानसाले माफ करता येते. मी तुले माफ केलं होतं, बे."

बे. चार वर्षांनी तो शब्द आला, आणि असा आला.

"मले शरम वाटत होती," खुशाल म्हणाला. "रोज वाटत होती. डब्बा बोलला का वाटत होती."

"शरम वाटत होती, अन् काल शाल घेतली."

खुशालनं हात पुढे केला, रिकामा. "एकदा हातात पैशे दे, देवमन. एक रुपया दे. मी पाया पडतो."

"नको," देवमन म्हणाला. रागानं नाही. "फोनातच बरं आहे आता. हात पुढं केला का समोरचा काय करते ते पाहा लागते. माह्या मायनं जनमभर पाह्यलं. मी तीस वर्षं नाही पाह्यलं, तुह्या दुकानात तरी नाही पाह्यलं. आता परत पाहाची हिंमत नाही. फोनात ते पाहा लागत नाही."

खुशालचा हात हळूहळू खाली आला. आता निघावं, असं त्याला वाटलं. येऊन काही सुधारलं नव्हतं, उलट या माणसाजवळ चार वर्षं जे थोडंफार शिल्लक होतं तेही आपण घेऊन चाललो. तो वळला.

"थांब," देवमन म्हणाला. "माह्याजवळ माफी मागून काही होत नाही. माह्यं काय ते मी पाहीन. पन मी तुह्यासाठी माह्या पोरीजवळ खोटं बोललो. चार वर्षं ती मले म्हनून राह्यली, बाबा, त्याइले समजते सारं. अन् मी तिले म्हनून राह्यलो, नाही वो बाई, तू लहान आहे, तुले मानूस नाही ओळखता येत. काल तुहं भाषन आयकून आली अन् जेवली नाही. मी परत तेच म्हन्लं तिले." त्यानं घराकडे मान वळवली. "ते तू सांग. मले नाही सांगता येत. पायल! बाहेर ये बाई. खुशालकाका आले."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. पायल ओढणीला हात पुसत दारात आली. खुशालला पाहून तिचा चेहरा जरा आक्रसला, पण ती दारातल्या पाहुण्याशी बोलावं तसं रीतीनं बोलली.

"काय काका? उभेच काहून? चहा टाकू?"

"नको," खुशाल म्हणाला. चौदा एप्रिलला चारशे माणसांसमोर बोललेला माणूस, आणि इथं एक सव्वीस वर्षांची पोरगी. त्यानं टोपी काढली, हातात चुरगळली. "पायल, तुह्या बापानं तुले माह्याबद्दल सांगितलं होतं ना बाई, का माह्या ध्यानात नाही आलं म्हनून."

"हो."

"ते खरं नाही. मले सारं समजलं होतं. त्याच घडीले. तुही गोष्ट खरी होती."

पायलनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. तिनं आधी बापाकडे पाहिलं. देवमन पंख्याचं एक पातं मांडीवर घेऊन फडक्यानं पुसत होता. पातं स्वच्छ झालं होतं, तरी पुसत होता, आणि त्याची मान खाली होती.